निखळ चेहरा

सूर्य पाण्याला टेकायला आला की वरसईच्या किनाऱ्यावर वाळूत दोरी ताणली जाते. आत उभं राहायचं ते एकाच माणसाने. फोटो काढणारीच्या अंगावर काळे कपडे, आणि बाकी गाव दोरीबाहेर. काळा रंग शोकाचा नव्हे. पांढरा कपडा उजेड परतवतो, आणि परतवलेला उजेड आता मोजला जातो.

जुना कॅमेरा उजेडाला एवढंच विचारायचा, की तू किती आहेस. डॉ. ऋता भागवत यांचा ‘वाटमोजी’ कॅमेरा विचारतो, तू आलास कुठून आणि वाटेत कोणावर आपटलास. सूर्य, आकाश, समुद्र, वाळू यांच्याकडून आलेला तो नैसर्गिक. दुसऱ्या माणसावरून उसळून आलेला तो ‘उसना’. उसना ज्यात नाही ती निखळ छबी. निवडणुकीतले चेहरे इतके गुळगुळीत केले जायचे की मतदाराला उमेदवार ओळखू येईना, म्हणून मच्छीमार सोसायटीने निखळ छबीचा नियम केला. मग हौसही आली. जन्मभर सासऱ्याच्या दुकानात बसलेले लोकसुद्धा आपली निखळ छबी दिवाणखान्यात टांगू लागले.

हिरूबाई तांडेल सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभी होती. नवऱ्याच्या जिवावर उड्या मारते, असं तिची चुलत जाऊ यमुना गावभर सांगत होती. अर्थात यमुनाही उभी होती.

“सूर्य पाठीशी घेतलात,” ऋता म्हणाली. “आकाश धरलं तर तोंड काळं येईल, तोंड धरलं तर आकाश पांढरंफटक.”

“मग मधलं काहीतरी धरा ना, बाय! सूर्याकडे बघितलं तर डोळे बारीक होऊन मी चोर दिसते. आणि होडी मागे पायजेच. ती माझ्या नावावर आहे, नवऱ्याच्या नाही. दिसू दे लोकांना.”

ऋताने यंत्र थोडं डावीकडे सरकवलं, हिरूबाईला हनुवटी उचलायला लावली आणि छबी घेतली. चेहरा असा उजळून आला की दोरीबाहेरच्या बायका ‘अगो बाय’ म्हणाल्या. पण पडद्यावर लाल अक्षरं उमटली: उसना उजेड, मुख्यतः एका व्यक्तीचा.

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे, धर्माकडे बघितलं.

“मी तर होडीच्या सावलीत बसलोय!” तो ओरडला.

यंत्राने उजेडाची वाट उलटी रेखली. ती दोरीला पोट टेकून उभ्या असलेल्या यमुनेपाशी जाऊन थांबली. प्रचाराचं पांढरंशुभ्र लुगडं, तोंड थेट सूर्याकडे.

“मी फक्त लबाडी होते का बघायला आले!” यमुना म्हणाली.

“मग चादर होऊन कशाला आलीस, मेले?”

“आणि काल माझी छबी बाद झाली, तेव्हा पिवळंधमक नेसून समोर कोण उभं होतं गं?”

हिरूबाई वळून आपल्या होडीकडे बघू लागली.

दुसरा दिवस छबी देण्याचा अखेरचा होता. निखळ छबी नसेल तर उमेदवारीच रद्द. ऋताने किनारा रिकामा करवला. एकेकीला एकटं उभं केलं आणि स्वतः सुरूच्या बनाआडून यंत्र चालवलं. दोन्ही छब्या मान्य झाल्या.

हिरूबाईने आपली बघितली. “ही यमुनेची दाखवताय.”

“तुमचीच आहे. नाक तेच, डोळे तेच.”

“मग मी अशी का दिसते?”

आजवर छबी घेताना निदान ऋता तरी समोर असायची. तिलाही हे नवीनच होतं. “कारण तुम्हाला असं कोणी कधी बघितलेलंच नाही. बघणारा समोर आला की त्याचा थोडा उजेड तुमच्यावर पडतोच. आरशातसुद्धा तुमचाच उजेड परत येतो. कोणीच समोर नसताना तुम्ही कशा दिसता, ते हे.”

“म्हणजे खरी कोणती?”

“नियमाप्रमाणे ही.”

मतदान मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये होतं. पडद्यावर नाव नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे चेहऱ्यावर बोट ठेवायचं. होडीही नाही, फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन चेहरे. नेहमी भांडत पुढे सरकणारी रांग त्या दिवशी अडकून पडली. आत गेलेली बाई बराच वेळ बाहेर येईना.

धर्मा बाहेर आला तो बोट तसंच पुढे धरून.

“हिरू,” त्याने विचारलं, “तू डावीकडची का उजवीकडची?”

“इतकी वर्षं नांदवलीस, आणि...” हिरूबाई त्याच्यावर खेकसली. तशीच तरातरा आत जाऊन पडद्यासमोर उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिला ते कळलं नव्हतं.

शेडच्या दारात यमुना उभी होती, सकाळच्या उन्हात, त्याच पांढऱ्या लुगड्यात. हिरूबाईने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

“यमुने,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुझी कोणती, ते तुला तरी ठाऊक आहे का गं?”