अम्मीला दिलेला शब्द

सात वर्षांनी यास्मिन काळेवाडीतल्या त्या घराची पायरी चढली, पण दार उघडणाऱ्या थोरल्या भावाकडे, उमरकडे, तिनं नजर उचलूनसुद्धा पाहिलं नाही... "अब्बा कुठे आहेत?" एवढंच विचारून ती सरळ आत गेली, आणि तिची बॅग उचलताना उमरचं काळीज गलबलून आलं.

याच बहिणीच्या शिक्षणासाठी त्यानं आपलं कॉलेज अर्ध्यावर सोडून अब्बांचं गॅरेज सांभाळलं होतं! नारायणगावच्या पलीकडे, शेतांमध्ये आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेना दाखवायला त्यानंच तिला पहिल्यांदा मोटारसायकलवर नेलं होतं. पुढे ती त्याच अँटेनांवर काम शिकली, आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या क्षीण रेडिओलहरी टिपून आकाशगंगेचे बाहू कुठून कुठे वळतात याचा नकाशा काढू लागली. "घरात बसून छप्पर बाहेरून कसं दिसतं ते सांगते माझी लेक," असं त्यांची अम्मी, झुलेखा, शेजारणींना कौतुकानं सांगायची.

सात वर्षांपूर्वी यास्मिन जर्मनीत होती, तिच्या प्रबंधाची निरीक्षणं नुकतीच सुरू झाली होती, आणि इकडे डॉक्टरांनी अम्मीची आशा सोडली. अम्मीनं उमरचा हात घट्ट धरला.

"तिला कळवू नकोस. ती आली की तुझे अब्बा तिचा निकाह लावून टाकतील, परत जाऊ देणार नाहीत. मला शब्द दे."

उमरनं शब्द दिला. पण अखेरच्या दोन दिवसांत, तापाच्या ग्लानीत, त्याच अम्मीची व्याकूळ नजर दाराला खिळून राहिली आणि ती पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली... "यास्मिन आली का?" फोन उमरच्या हातात होता. त्यानं तो लावला नाही.

माती दिल्यावर त्यानं बहिणीला कळवलं. "माझ्या अम्मीचं तोंडसुद्धा तू मला पाहू दिलं नाहीस," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर भावाशी एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून गॅरेजमध्ये इंजिनांच्या गोंगाटातही अम्मीचा तो प्रश्न उमरच्या कानाशी यायचा. आपण शब्द पाळला की मरत्या आईचा घात केला... हे विचारायचं तरी कोणाला?

आता अब्बा, लालमहंमद, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या उशाशी बसून यास्मिन सांगत होती, आकाशगंगेच्या एका बाहूचा पलीकडचा, आजवर न सापडलेला भाग तिला सापडला होता, पुण्यात संशोधनाची जागा मिळाली होती.

"हे उमरला सांग," म्हातारा अडखळत म्हणाला. "त्यानं आपलं शिक्षण ओतलंय त्यात."

"त्याचं नाव नका काढू, अब्बा."

"ऐक, बेटी. तुझ्या अम्मीनंच त्याच्याकडून शब्द घेतला होता... माझ्या भीतीनं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं सगळं. आधी राग आला, मग लाज वाटली. तू त्याला दोष देत राहिलीस, मी गप्प बसलो."

यास्मिन अब्बांच्या उशाजवळून उठली. मग ती बाहेरच्या खोलीत आली आणि उमरच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

"भाई, एकदा तरी सांगायचं होतंस..."

"अम्मीची इच्छा होती गं."

ती बाजूला झाली. ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत तिनं हलकेच विचारलं, "शेवटी अम्मीनं माझी आठवण काढली होती का?"

उमरच्या ओठांशी सारं आलं. सांगितलं असतं तर सात वर्षांचं ओझं निम्मं झालं असतं... पण उरलेलं निम्मं कोणाच्या वाट्याला गेलं असतं, ते त्याच्यासमोरच उभं होतं.

"नाही," तो म्हणाला. "झोपेतच गेली. अगदी शांत."

यास्मिननं सुटकेचा श्वास टाकला. डोळे पुसून ती म्हणाली, "आज मी अम्मीच्या खोलीत झोपते."

त्या खोलीत उमरनं सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तो उठला, आणि बहिणीचं अंथरूण घालायला आत गेला.