वडिलांच्या सपाता

मध्येच "तुला भास झाला असेल" म्हणणार असाल तर आत्ताच उठा. तसं म्हणणारे माझ्या घरी पुरेसे आहेत.

मी फक्त सपाता आणायला गेलो होतो. बर्गनला आमच्या लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत्येकाची अभ्यासाची जागा ठरलेली असते. ओले बूट दाराशी काढायचे, आत सपाता घालायच्या. त्या टेबलाखाली आहेत तोवर खुर्ची तुमची, तिला दुसरं कुणी हात लावत नाही. शिक्षण सोडणारा सगळ्यात आधी सपाता उचलतो. ऑक्टोबरात मी रागाच्या भरात निघालो आणि नेमकं तेवढंच विसरलो.

करड्या लोकरीच्या होत्या, तळाला चामडं. वडिलांच्या. न्यायाधीश होण्याआधी तेही त्याच घालून तिथेच बसायचे. मला काय व्हायचंय हे त्यांनी कधी विचारलं नाही, सपाता मात्र न विचारता दिल्या. मी फेरीबोटीवर दोर बांधायचं काम धरलं असं सांगितलं, तेव्हा ते चष्मा पुसत "बरं" म्हणाले. त्यानंतर एक फोन नाही.

डिसेंबरातली दुपार. चहाच्या वेळेलाच बाहेर काळोख झालेला, आणि खिडक्यांवर पाऊस. आत ओल्या लोकरीचा आणि शिळ्या कॉफीचा वास, टेबलाटेबलावर दिवे, आणि पानं उलटल्याचा तेवढा आवाज. माझ्या शेजारच्या जागेवरची मारित मान वर न करता पुटपुटली, "आज उशीर केलास."

"मी ऑक्टोबरपासून आलोच नाहीये."

"हो, आणि काल माझा अर्धा पाव भुतानं खाल्ला."

मग तिनं वर पाहिलं. माझं बोटीवरचं नारिंगी जाकीट पाहिलं, दोरानं सोललेले हात पाहिले. बराच वेळ पाहिलं.

"आस्लाक… मग रोज इथे बसतो तो…"

तेवढ्यात वेंके आली. ती करिअर केंद्र चालवते, मुलांना अर्ज लिहायला शिकवते, काचेच्या खोलीत सराव मुलाखती घेते. रागाला 'जिद्द' म्हटलं की तो अर्जात खपतो, हे तिनंच मला शिकवलं होतं. आमच्या कॉलेजात अशा मोठ्यांनाही अरेतुरे करतात. त्यानं त्यांचं दडपण काही कमी होत नाही.

तिनं हळू आवाजात माझं कौतुक केलं. सराव मुलाखती सुरेख झाल्या, एकदाही उलटून बोललो नाही. एका मोठ्या वकिली कंपनीचे लोक आज खास मला भेटायला येणार होते.

"वेंके, तो मी नव्हतो."

"मुलाखतीआधी सगळ्यांना असंच वाटतं," ती मायेनं म्हणाली.

तिच्या खांद्यावरून मला काचेची खोली दिसली. आत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. केस नीट विंचरलेले, पाठ ताठ. मानेवर वण होता, लहानपणी घसरगाडीवरून पडलो तेव्हाचा. माझा. शेजारची काच माणसाच्या श्वासानं जराशी तरी धुरकट होते. ती स्वच्छ होती…

मी वाकून सपाता उचलल्या. त्या ऊबदार होत्या, आत्ताच कुणी पाय काढल्यासारख्या. आतल्यानं वळून न पाहता आपले उघडे पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"त्या ठेव," वेंके म्हणाली. आता माया संपली होती.

"नाही."

त्या ग्रंथालयात इतक्या मोठ्यांदा मी कधीच बोललो नव्हतो. सगळ्या माना वळल्या. "बसायचंय तर त्याला अनवाणी बसू दे."

संध्याकाळच्या फेरीला, खाडीच्या मधोमध, मी त्या पाण्यात फेकल्या. लोकर थोडी तरी तरंगायला हवी. त्या दगडासारख्या गेल्या.

रविवारी वडिलांचा फोन आला. आवाजात अभिमान होता, मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. नोकरी पक्की झाली म्हणे. "फक्त, तिथे ओले पाय घेऊन जात जाऊ नकोस. वेंके सांगत होती."

"बाबा, तो मी नाही."

पलीकडे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण तो जेवायला येतो."

त्यांच्या मागे आमचा लाकडी जिना कुणीतरी चढत होतं. ओली, अनवाणी पावलं. वरून तिसरी पायरी करकरते, म्हणून मी ती कायम गाळतो. त्यानंही गाळली.

"माझी खोली द्या त्याला," मी म्हणालो. "पलंग द्या, जेवायच्या टेबलावरची खुर्ची द्या. नाव देणार नाही."

"आस्लाक, हळू बोल… तो ऐकेल."

म्हणून मी माझं नाव पूर्ण, वडिलांच्या आडनावासकट, जमेल तितक्या मोठ्यांदा फोनमध्ये उच्चारलं. पावलं थांबली.

मग ती पायरी करकरली. ती गाळायची हे त्याला आता माहीत नव्हतं. तो खाली उतरत होता.