दिवस बुडायच्या आत

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत, आडाजवळ मी फडक्यातनं पाणी गाळत होते. मागून आवाज आला, "आक्का, वंजळभर पाणी द्याल?"

"मी कुणाची आक्का-बिक्का न्हाय."

"मग काय म्हणू?"

"चंदना म्हणत्यात."

तो हसला आणि ओंजळ पुढं केली. मी मुद्दाम पाणी जोरात ओतलं, सदरा भिजला. अर्ध्या तासानं कळलं, हाच आमचा नवा मुकादम, चिकोडीचा बाळगोंडा! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुना मुकादम कंदील लागेपर्यंत सोडत नसे. दिवस बुडाल्यावर आम्हा जैनांना जेवण वर्ज्य, म्हणून घरी जाऊन उपाशीच झोपायचं. बाळगोंडाही जैनच. त्यानं हे ऐकलं आणि जैन बायकांना लवकर सोडायला लागला. बाकीच्या बायकांतली गुणाबाई भडकली, "आनि आमची लेकरं काय दगड खात्यात?"

"चुकलं माजं. उद्यापासनं समद्याच जावा," तो म्हणाला. मालकाशी भांडून त्यानं ते खरंही केलं.

फाटकाशी तो रोज विचारायचा, "जेवणार न्हवं?" आई प्लेगात गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरी एकटीच भिंतीकडं तोंड करून जेवताना मी त्याच्याशी बोलायची... वेडीच होते.

एका संध्याकाळी सुट्टी झाली आणि वळवाचं आभाळ भरून आलं. अंगणभर तंबाखू पसरलेली. बाळगोंडा कुणालाच हाक न मारता एकटाच ती पोत्यांत भरून आत ओढायला लागला. गुणाबाई फाटकातनं मागं फिरली, "चला गं!" तिच्यामागं आम्ही सगळ्या. शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा दिवस बुडाला होता.

"तुमचं जेवण चुकलं," तो मला म्हणाला.

"तुमचं बी."

"माजी वाट बघाय कोण हाय?"

"मग माजी तरी कोण बघतंय..."

पाऊस धो धो कोसळत होता, आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मालक खूश! "बायका थांबत्यात न्हवं? मग रोजच थांबवा."

"मालक, त्या आपल्या मनानं आल्या," बाळगोंडा म्हणाला. "जबरदस्तीनं मी न्हाय थांबवणार."

मालकानं त्याला तिथंच कामावरून काढलं.

चिकोडीची मोटार वखारीसमोर उभी होती. सगळ्या बायकांदेखत मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मला तुम्ही आवडताय," मी म्हणाले. "आज न्हाय बोलले तर जन्मभर भिंतीशीच बोलाय लागंल."

त्यानं मोटारीकडं पाठ फिरवली. "मलाबी, चंदना... पण आता काम न्हाय, ठिकाणा न्हाय. कुठं न्यू तुला? काम लागलं की येतो. पण थांब म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"सांगूच नगासा," मी म्हणाले. "मी माज्या मनानं थांबीन."

मोटार सुटली. वळणाआड जाईपर्यंत मी धीरानं उभी राहिले. मग गुणाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.