टोपलीखालचं पीठ

टोपली द्यायची आणि परत यायचं, एवढंच मालनच्या मनात होतं. पण समोरच्या सुंदराबाईच्या खोलीत नुसतं जाऊन येणं तिला कधी जमलं होतं? बसली ती बसलीच. छप्पन सालचा जानेवारी तो. संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबागेत गोळ्या चालल्या होत्या. दिवेलागणीला पोलिसांची गाडी कर्फ्यू पुकारत गेली नि काळाचौकीची अख्खी चाळ मुकी झाली. मालनचा नवरा गिरणीतच अडकला.

सुंदराबाईचा मुलगा दत्ताराम लढाईत ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकायला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. विमान परतलं नाही, हाडसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून म्हातारीने दाराला कडी घातली नव्हती. बारा वर्षं भरली तशी मालननेच मागे लागून त्या सकाळी दर्भाचा पुतळा जाळायला लावला होता. आता तांदळाच्या पिठावर दिवा ठेवून वर टोपली झाकायची. गेलेला कुठल्या जन्मात गेला, त्याची खूण सकाळी पिठात उमटते.

"आणि नाही उमटली तर?" सुंदराबाईने विचारलं.

"उमटेल गो."

"नाही उमटली, तर दार उघडंच राहील माझं. पोलीस शिरले तरी."

पहाटे म्हातारीचा डोळा लागला. मालनने हळूच टोपली उचलली. पीठ कोरं. मग बोटाने तिने पिठात कावळ्याचा पाय काढला, दाराकडे निघालेला, आणि टोपली होती तशी झाकली.

नळाला पाणी आलं, सुंदराबाई उठली. तिने टोपली बाजूला केली आणि खोलीत जळक्या रबराचा वास भरला.

कावळ्याचा पाय नव्हता. दिव्याशेजारी खिळ्यांच्या बुटाचा ठसा होता. चवडा म्हातारीच्या अंथरुणाकडे, टाच दाराकडे.

"म्हणजे... आत आला?" मालन भिंतीकडे सरकली.

"नाही गो." सुंदराबाई ठशावर वाकली. "विमानाच्या शेपटीला पाठमोरा बसायचा तो, बंदूक घेऊन. सांगायचा, आये, कुठं चाललो ते मला दिसतच नाही, मागे काय राहिलं तेवढंच दिसतं... माझ्याकडे बघत बघत गेला." तिने पदर डोळ्यांना लावला. "जा आता तू. रात्रभर जागलीस माझ्यापायी."

मालन बाहेर पडली. मागे बारा वर्षांनी कडी सरकली.

बोळात फटफटलं होतं. रात्रभर तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तरी फरशीवर पिठाचे बूट उमटले होते... चवडे सुंदराबाईच्या दाराकडे, पावलं मात्र मागे मागे सरकत गेलेली. मालन त्यांच्या कडेकडेने चालत आपल्या दाराशी आली.

काल तिने ओढून घेतलेलं दार सताड उघडं होतं. शेवटची जोडी तिच्याच उंबऱ्यावर होती, टाचा आत. तिच्या खोलीतून परत निघालेलं पाऊल कुठेच नव्हतं.