तिसऱ्या गाळ्यातली पांढरी रेघ

ही घटना शंभर टक्के खरी आहे. नावंसुद्धा बदललेली नाहीत, कारण ज्याच्या बाबतीत ती घडली त्याला आपलं नाव कुठेतरी छापून यावं असं फार वाटतं.

आणि आधीच सांगून ठेवतो, रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. नोव्हेंबरातला रविवार होता, दुपारची वेळ, जपानमधल्या गुन्मा प्रांतातलं आमचं डोंगराखालचं गाव, लख्ख ऊन. भुताखेतांनी निदान वेळेचं पथ्य पाळावं. पण हल्ली कुणीच काही पाळत नाही.

किरिहाता तात्सुमा. वय चोवीस. माझ्याबरोबर कोन्याकूच्या कारखान्यात काम करतो. कोन्याकू म्हणजे कंदाची जेली. तिला चव नसते, आणि धरायला गेलं की ती सटकते. दिवसभर ती पाकिटांत भरून तात्सुमाच्या हातांनाही तेच वळण लागलं होतं. त्याला काहीच घट्ट धरता येत नसे.

एकच गोष्ट त्याने घट्ट धरून ठेवली होती. ओरिहारावरचा जळफळाट.

ओरिहारा त्याचा बालवाडीपासूनचा मित्र. तात्सुमाने पोटाला चिमटा घेऊन निळी, बुटकी, दोन दारांची कोरी स्पोर्ट्स कार घेतली. पुढच्याच महिन्यात ओरिहारानेही घेतली. तीच गाडी. तोच निळा.

"तुझी बघितली आणि जीवच जडला रे तात्सु," ओरिहारा म्हणाला.

मनापासून म्हणाला. तेच तर दुखणं होतं.

दोघांनी ठरवलं, गाडीत जे काही बदल करायचे ते स्वतःच्या हातांनी, व्हिडिओ बघून, शिकत शिकत. दोघंही सारखेच अडाणी. पण ओरिहाराने सीट बदलली तर ती जन्मापासून तिथलीच वाटायची. तात्सुमाने सीट बदलली तर ब्रेक दाबला की ती वाकून नमस्कार करायची.

दर रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी, भाजीच्या स्टॉलशेजारच्या पार्किंगमध्ये असले सगळे गाडीवेडे जमतात. ओरिहाराच्या चाकापाशी लोक उकिडवे बसून "ओहो" म्हणायचे. तात्सुमाच्या चाकापाशीही लोक उकिडवे बसायचे. बुटाची नाडी बांधायला.

एकदा, फक्त एकदा, ओरिहाराने आपल्या चाकापाशी वाकून "ओहो" म्हणावं. तात्सुमाला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

म्हणून त्याने मोठं काम काढलं. चारही चाकांचे शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवायची.

"मी येऊ मदतीला?" ओरिहाराने विचारलं.

"नको."

"बरं, निदान जेवण तरी आणून..."

"नको म्हटलं ना!"

गावाबाहेर नेझू काकूंचं भाड्याचं गॅरेज आहे. गाळा, लिफ्ट आणि हत्यारं तासाच्या भाड्याने मिळतात, काम आपलं आपण करायचं. काकू दाराशी खुर्ची टाकून भाजलेली रताळी खातात आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम ऐकवतात.

"बोल्ट आवळलास, पुरेसा घट्ट झाला म्हणून पान्याने 'कट्' केलं, की पांढऱ्या मार्करने बोल्टपासून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. उद्या बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. मग बोट दाखवायचं आणि 'योशी' म्हणायचं. मोठ्याने."

योशी म्हणजे 'ठीक'. आमच्याकडे आगगाडीच्या ड्रायव्हरपासून खांबावरच्या वायरमनपर्यंत सगळे असंच बोट दाखवून ओरडतात.

"मनातल्या मनात म्हटलं तर चालेल का काकू?"

"बोल्टला काय तुझं मन वाचता येतं?"

तात्सुमाला तिसरा गाळा मिळाला. शेवटचा. पलीकडे नुसती भिंत.

पुढचं उजवं चाक. कट्. रेघ. बोट.

"योशी," तो लाजत पुटपुटला.

...

"योशी."

पत्र्याचं छत. आवाज घुमला असणार.

पुढचा बोल्ट. कट्. रेघ. बोट. "योशी."

...

"योशी."

पुढची दोन्ही चाकं झाली. मागचं उजवं झालं. तात्सुमाला मजा वाटायला लागली. मग तो मागच्या डाव्या चाकापाशी गेला. रेघ. बोट.

"योशी!"

...

काहीच नाही.

"योशी!" तो पुन्हा ओरडला.

शेजारच्या गाळ्यातला रेडिओसुद्धा गप्प झाल्यासारखा वाटला.

त्याने बोल्टला हात लावला. बोल्ट बोटांनीच गरकन फिरला. रेघ ओढली होती, आवळायचाच राहिला होता.

त्याने पाना लावला. कट्.

"यो... योशी."

...

"योशी."

या वेळी आवाज जवळून आला. लिफ्टच्या खांबामागून.

खांबामागे कुणी नव्हतं.

शहाणा माणूस पळाला असता. तात्सुमाही पळणार होता, एक पाय उचललासुद्धा होता. पण तेवढ्यात त्याच्या मनात एक विचार आला आणि पाय खाली टेकला.

ओरिहाराकडे हे नाही.

निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, तिसऱ्या गाळ्यात आवाज घुमतो का हो?"

"घुमेल कसा? शेजारचे तक्रार करायचे म्हणून छताला सगळीकडे फोम चिकटवलाय." काकू रताळं सोलत होत्या. "का रे? उत्तर आलं?"

"छे."

"आलं असेल तर आभार मानून जा. एक गरम कॉफीचा डबा ठेव. कुणी आपल्याबरोबर राबलं तर माणसं एवढं करतातच."

"पण... कोण आहे तो?"

"मला काय ठाऊक? भाडं देत नाही, म्हणजे गिऱ्हाईक नव्हे."

तात्सुमाने बाहेरच्या मशीनमध्ये नाणं टाकून कॉफीचा गरम, बंद डबा घेतला. गाडीत बसला आणि स्वतःच पिऊन टाकला.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये ओरिहारा टॉर्च घेऊन त्याच्या चाकापाशी वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ओहो," तो म्हणाला.

तात्सुमाचे कान तापले.

"लेका, हे तू केलंस?"

"मीच."

टिंग.

फरशीवर नट पडावा तसा आवाज. तात्सुमाने खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं.

"सांगायला कोण होतं?"

"कुणी नाही. एकट्याने."

टिंग.

"मागचं डावंसुद्धा? तिथे हात पोचत नाही रे कुणाचा."

"माझा पोचतो."

टिंग.

"कसला आवाज येतोय?" तात्सुमाने विचारलं.

"कुठला आवाज?" ओरिहारा म्हणाला.

तात्सुमा गोगलगायीच्या वेगाने घरी आला. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या आजींनी त्याला घंटी वाजवून ओलांडलं. घराशी जॅक लावून त्याने एकेक चाक काढलं.

तीन रेघा नव्हत्या.

पुसलेल्या नव्हत्या. पुसल्याचा डागसुद्धा नव्हता. कधी ओढल्याच नव्हत्या, अशा नव्हत्या. आणि ते तिन्ही बोल्ट बोटांनी फिरत होते.

त्याने सगळे पुन्हा आवळले. रेघा ओढल्या. बोट दाखवून ओरडला, "योशी!"

...

डोंगरावरून येणारा कोरडा वारा फक्त. शेजारची बाई गच्चीवर गाद्या वाळत घालत होती. तिने वाकून विचारलं, "काय ठीक आहे?"

तात्सुमाने घाईघाईने चाक चढवायला घेतलं.

पुढच्या सुट्टीला तो दोन कॉफ्या घेऊन गॅरेजवर गेला. मनात माफीचं भाषण तयार होतं. तिसऱ्या गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. आत कुणीतरी काम करत होतं.

"योशी!" ओरिहाराचा आवाज.

...

"योशी."

तात्सुमा शटरपाशीच थबकला. भीतीने नव्हे. बायको पळून गेल्यावर माणसाला जे होत असेल ते झालं. आपलं भूत... आपल्याच मित्राबरोबर!

"अरे तात्सु! ये ये, आत ये!" ओरिहाराने शटर वर केलं. "तुझं बघून मीही स्प्रिंगा बदलायला घेतल्या. आणि इथे आवाज कसला भारी घुमतो रे! सोबत असल्यासारखं वाटतं."

लिफ्टच्या खांबापाशी कॉफीचा एक डबा ठेवलेला होता. उघडा. वाफ निघत होती.

"ते कुणाला?"

"कुणास ठाऊक. एवढ्या वेळा उत्तर देतंय बिचारं, म्हटलं ठेवू. आणि खोटं कशाला सांगू, मागचं डावं मला जमतच नव्हतं. कुणीतरी पलीकडून धरल्यासारखं झालं आणि बसलं एकदम."

"हे तू लोकांना असंच सांगणार?"

"सांगणार की. त्यात काय?" ओरिहाराने लिफ्ट कमरेइतकी खाली घेतली. एक चाक तेवढं चढवायचं राहिलं होतं. मागचं डावं. "हात धुऊन येतो. मग घाटात चक्कर मारू. पहिली चक्कर मारायचा मान माझा हं."

तो गेला.

ही गाडी आता घाट चढणार, हे तात्सुमाला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर पुढे कुणी म्हणेल त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने पाना उचलला.

मागच्या डाव्या चाकाचा तो अवघड बोल्ट. आज त्याचा हात बरोबर पोचला. बोल्ट फिरला, ढिला झाला. त्याने थिनरच्या फडक्याने ओरिहाराची रेघ पुसली आणि जागेवर नवी ओढली. आयुष्यात त्याने ओढलेली ती सगळ्यात सरळ रेघ होती.

सवयीने बोट दाखवलं गेलं. अगदी हळू तो म्हणाला, "योशी."

...

उत्तर नाही.

डब्यातली वाफ थांबली होती.

मग... मानेवर काहीतरी टेकलं. थंड. ओलं. मार्करच्या टोकाएवढं. केसांच्या कडेपासून ते सावकाश खाली उतरलं, कॉलरच्या आत, मणक्यावरून. सरळ.

कानाशी आवाज झाला.

कट्.

आणि पहिल्यांदाच, तात्सुमाने काही न म्हणताच...

"योशी."

ओरिहारा हात पुसत आला तेव्हा तात्सुमा जमिनीवर बसलेला होता.

"काय रे? चक्कर आली?"

"ओरि, तो बोल्ट बघ. मी सैल केलाय."

"काय?"

"सैल केलाय मी. जळून. तुझ्यावर. घाटात जाऊ नकोस."

ओरिहारा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाना लावला आणि जोर दिला.

कट्.

पुन्हा लावला. कट्. बोल्ट दगडासारखा घट्ट. रेघ अखंड.

वाऱ्याने शटर हलत होतं.

"तात्सु," शेवटी ओरिहारा म्हणाला, "तुला साधा बोल्ट सैलसुद्धा करता येत नाही?"

आणि तो हसायला लागला. पोट धरून हसला. तात्सुमाला उठवायला म्हणून मागे गेला, आणि हसणं मध्येच तुटलं.

"तुझ्या मानेला पांढरं काय लागलंय?"

रेघ साबणाने गेली नाही. थिनरने गेली नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, त्याने ती चकाकायला लागली.

आता कुणी विचारायच्या आधीच तात्सुमा स्वतःहून सांगतो, गाडी मी एकट्याने केलेली नाही. दर सुट्टीला तिसऱ्या गाळ्यात कॉफी ठेवतो. संध्याकाळी डबा तसाच भरलेला असतो. ओरिहाराने ठेवलेला रिकामा होतो. यावरून दोघांचं एकदा भांडणही झालं.

ती रेघ मी स्वतः पाहिली आहे. आधी सरळ होती. गेल्या महिन्यात कॉलरच्या जरा वर ती तुटली. वरचा अर्धा भाग तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे सरकलाय. आता तात्सुमाला हाक मारली तर तो मान वळवत नाही. सगळाच्या सगळा वळतो.

ओरिहाराची मानही त्याने तपासून घेतली. स्वच्छ होती. खरं सांगायचं तर तात्सुमाला थोडं बरं वाटलं. निदान हे तरी त्याच्याकडे नाही.

कारखान्यात तो माझ्या शेजारी उभा असतो. रोज सकाळी पाकिटांचा पट्टा सुरू व्हायच्या आधी, दोन हातांनी डोकं धरून ते हलकेच उजवीकडे बसवतो. मग स्वतःच्या मानेकडे बोट दाखवून म्हणतो, "योशी."

आणि श्वास रोखून थांबतो.

पट्टा सुरू करायचं बटण माझ्याकडे आहे. मीही ते दाबत नाही. कान देऊन उभा राहतो.

अजून तरी उत्तर आलेलं नाही...