पाठकोऱ्या कागदावरचे दुसरे पान

ते पान प्रिंटरखालच्या खोक्यात सापडले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शांतीबाईंच्या रक्ततपासणीचे दुसरे पान. पोटॅशियमचा धोकादायक आकडा त्यावरच होता. घणसोलीतील त्या लहान रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळी पहिले आणि तिसरे पानच पोहोचले. उपचार चार तास लांबले. दिवाळे गावच्या त्या मासळीविक्रेत्या आता अतिदक्षता विभागात होत्या.

खोके शिपाई गोटीरामचे. त्यानेच पान दडवले, असे रुग्णालयाचे प्रमुख डॉ. उदयसिंह यांचे मत होते. त्याला कामावरून काढण्याचे पत्र तयार होते. पाच वाजता सही व्हायची होती. तत्पूर्वी शहानिशा करण्याचे काम प्रयोगशाळेच्या दर्जा अधिकारी नंदिनीकडे आले.

तिचा विश्वास पुराव्यावर होता. तिने पानावरून बोट फिरवले. अक्षरे पुसली गेली, बोटाला काळी भुकटी लागली. मागे जुने परिपत्रक, कोपऱ्यात पिनेचे भोक.

"काका, हे अडकलं होतं?"

"हो मॅडम. झाकन उगडून दोन्ही हातांनी सावकास काडलं. फाडलं नाय."

"मग वॉर्डात का नाही दिलं?"

"चुरगळलेला कागद डॉक्टरला कसा द्याचा? पेशंटचं नाव हाय, म्हनून खोक्यात. शनवारी सगळे फाडून बारीक करतो. मशीन तेच पान परत छापते ना."

"आज छापलं?"

गोटीरामने खोके जवळ ओढले. "मी पानं मोजली नाय. बारा वर्सं छापते, म्हनून."

वॉर्डाच्या प्रती पाठकोऱ्या कागदावर निघू लागल्यापासून कागद जास्त अडकतो, हे त्याने पूर्वीच सांगितले होते. एकदा तापलेला कागद वाकडा होतो, असेही. तेव्हा नंदिनीने हसून विषय टाळला होता.

तिने संगणकावर प्रिंटरचे सेटिंग उघडले. शेवटचा बदल मागच्या सोमवारचा. बदल करणाऱ्याचे नाव तिने दोनदा वाचले.

पाच वाजता ती डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"गोटीरामचं वकीलपत्र घेतलंत का?" त्यांनी विचारले.

"पान कुणी दडवलं नाही, सर. छपाईची भुकटी कागदावर पक्की झालेली नाही. म्हणजे ती पक्की करणाऱ्या तापत्या रुळापर्यंत पान पोहोचलंच नव्हतं; यंत्रातच अडकलं. वॉर्डाच्या गठ्ठ्यातून काढलेलं पान असं पुसलं जात नाही."

"अडकलं, तर पुन्हा छापलं का गेलं नाही?"

"ती सोय बंद केली आहे. कागद अडकला की कधीकधी एकच पान दोनदा निघायचं. ते वाया जाऊ नये म्हणून. आणि गोटीराम काकांना कुणी सांगितलं नाही."

"पाठकोऱ्या कागदाचा हुकूम कुणाचा?"

"माझा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि सेटिंगचा पासवर्ड?"

"एकट्या माझ्याकडे."

दाराशी उभ्या गोटीरामने खाली पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर नंदिनीला सोपे गेले असते.

डॉक्टरांनी गोटीरामचे पत्र उलटे करून तिच्यापुढे सरकवले. मागची बाजू कोरी होती.

"लिहून द्या."

नंदिनीने पेनचे टोपण काढले आणि आपल्या पूर्ण नावापासून सुरुवात केली.