मैनेची फीत

हे खरं घडलंय. थापा मारून मला काय मिळणार? भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि ही काही अमावास्येच्या रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे, माझ्या सख्ख्या ताईच्या घरातली.

ताई घरीच शिवणकाम करते. तिची लेक पाच वर्षांची. पोरीच्या तोंडाला खळ नसायची, म्हणून सगळे तिला मैना म्हणायचे.

मग तिच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर तिला धड श्वास घेता येईना, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

मैना घरी आली.

पण तिचा आवाज गेला होता...

रडली तरी नुसते ओठ हलायचे. नळीत कफ अडकला की मशीननं लगेच ओढून काढावा लागे, नाहीतर जीव घुसमटायचा. पण आईला हाक मारणार कशी?

ताईनं अस्तराच्या कापडाची लांब फीत शिवली. एक टोक मैनेच्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या घोट्याला. फीत एकदा ओढली तर, आई, आहेस ना? दोनदा ओढली तर, श्वास अडकलाय, धावत ये.

मैना दिवसभर उगाचच एकेकदा ओढत राहायची. पोरीनं माझ्या बायकोला दावणीला बांधलंय, असं भावोजी हसून म्हणायचे. ताई शिवता शिवता नुसतं म्हणायची, "हो गं, इथेच आहे."

पुढे मैनेला न्यूमोनिया झाला. आयसीयूत आईला थांबू देईनात. नर्सनं मैनेच्या मनगटाची फीत सोडली आणि घडी करून ताईच्या हातात दिली.

मैना त्या दाराआड गेली, ती गेलीच.

ताईला एकच गोष्ट खात होती. "तिनं ओढलं असेल गं. पण दुसऱ्या टोकाला मी नव्हते."

महिन्याभरानं मी तिच्याकडे राहायला गेले. दुपारी ती पायमशीनवर बसली होती, मी ब्लाउजला हुक लावत होते. मैनेची खाट तशीच भिंतीशी होती. उशीवर फितीचं एक टोक ठेवलेलं, दुसरं ताईच्या घोट्याला बांधलेलं. मी पाहिलं, पण कोणत्या तोंडानं बोलणार?

वीज गेली. पंखा थांबला. पानसुद्धा हलत नव्हतं.

जमिनीवर सैल पडलेली फीत हळूच उचलली गेली...

ताणली...

एकदाच.

माझ्या हातातली सुई पडली. उशीवरचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

ताईनं मानही वर केली नाही.

"हो गं," ती म्हणाली. "इथेच आहे."

मी घाबरून घरी पळून आले. कुणाला सांगितलं नाही. पण ताई मात्र सावरली. चार घास जेवायला लागली. एकदाच ओढते, म्हणजे माझी पोर बरी आहे, असं म्हणायची. कफ ओढायचं मशीन तिनं स्वतःच दुसऱ्या एका आजारी लेकरासाठी देऊन टाकलं. मैनेला आता ते कशाला लागणार, म्हणाली.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाली आणि ठेवला.

मी गेले तर ताई खाटेपाशी जमिनीवर बसली होती. रिकाम्या उशीवरून हात फिरवत होती...

"दोनदा ओढलं गं तिनं."

मी खाली पाहिलं.

फीत ताणली गेली. पुन्हा ताणली.

थोडी सैल पडली...

मग पुन्हा दोनदा.

"मशीन तर मी देऊन टाकलं," ताई म्हणाली. "आता मी कुठे धावू? सांग ना."

मला रडू फुटलं. तिच्या घोट्याची गाठ सोडायला मी वाकले, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"नको. एकदा सोडली होती ना."

भावोजींनी समजावलं, मी समजावलं. ताई खाटेपासून हलायला तयार नाही. आज सकाळी मी तिला डबा घेऊन गेले होते.

फीत अजून दोनदाच ओढली जातेय.